दहावीनंतर ओंटारिओ: मुलाची कॉलेजची तयारी कशी करून घ्यावी?

गोदाकाठ | १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं फक्त वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमचं कॅनडाचं पीआर, म्हणजे कायमचं राहण्याची परवानगी, आलं. जुलैअखेर मिसिसागाला पोचायचं ठरलंय. मिस्टरांचे मावसभाऊ तिथे आहेत, पहिला महिना त्यांच्याकडे राहू. धाकटी अकरा वर्षांची आहे, ती रुळेल. काळजी आहे ती थोरल्याची. जानेवारीत त्याला सोळा पूर्ण झाली आणि मार्चमध्ये दहावीचा शेवटचा पेपर देऊन आला. राज्य मंडळ, सेमी इंग्लिश. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून. मार्क चांगले पडतील असं त्याचे सर म्हणतात. त्याला इंजिनिअरिंग करायचंय. हे आमच्या मनात म्हणून नाही, घरातला मिक्सर, पंखा, आजोबांचा रेडिओ, सगळं त्याच्या हातून उघडून परत बंद झालेलं आहे.

नाशिकला राहिलो असतो तर पुढची वाट पाठ होती. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म, कॉलेज रोडवरचा क्लास, सीईटी, जेईई. ती बरी की वाईट हे सोडा, माहितीची तरी होती. तिथलं मला काहीच ठाऊक नाही. एक एजंट म्हणाला, 'तिकडे अभ्यास सोपा असतो, आपली मुलं हसत हसत पहिली येतात.' दुसऱ्या ओळखीच्यांनी सांगितलं की अकरावीत गेलेल्या मुलाला युनिव्हर्सिटी मिळतच नाही. कोणाचं खरं मानू?

शाळेत जायच्या आधी काय करून घ्यायचं? कुठली कागदपत्रं लागतील? इंग्रजीचं काय? आणि त्याला दोन वर्षं इथेच आजीकडे ठेवून बारावी करून न्यावं का, हा प्रश्न घरात रोज निघतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती विचारायला कठीण जातेय. तो ढोलपथकात आहे, तीन वर्षं झाली. परवा रात्री सरावाहून आला, जेवला नाही, आणि म्हणाला, 'तुम्ही दोघांनी ठरवलंत. मला फक्त सांगितलंत.' हे खरं आहे. फॉर्म भरला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, आणि आम्हाला वाटलं की त्याला विचारण्यासारखं त्यात काही नाही. आता यावर काय करायचं ते मला कळत नाही.


कंदील | १२ एप्रिल

वाचनखूण साठवली. आम्हीही याच बोटीत, फक्त मुलगी चौदाची आहे आणि जायचं डिसेंबरात. कृपया जाणकारांनी सविस्तर लिहा.


लेकशोर | १३ एप्रिल

गोदाकाठ, एकोणीस वर्षं मिसिसागा-ब्रॅम्प्टनमध्ये आहे आणि दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळेतून पुढे गेली. त्याशिवाय दरवर्षी उन्हाळ्यात नव्याने आलेली दोन-तीन घरं आमच्याकडे याच प्रश्नांनी बसलेली असतात. जे दर वेळी सांगतो तेच लिहितो.

आधी 'कॉलेज' हा शब्द. आपल्याकडे अकरावी-बारावी हे ज्युनिअर कॉलेज, मग सीनिअर कॉलेज. ओंटारिओत अकरावी-बारावी ही शाळाच, नववी ते बारावी एकाच हायस्कुलात. आणि बारावीनंतर कॉलेज वेगळं, युनिव्हर्सिटी वेगळी. सेनेका, शेरिडन, हंबर ही कॉलेजं, तिथे प्रामुख्याने डिप्लोमा मिळतो, हाताला काम शिकवतात, काही पदव्याही आहेत. टोरांटो, वॉटर्लू, मॅकमास्टर या युनिव्हर्सिट्या. तुमच्या मुलाने शाळेत समुपदेशकाला 'मला कॉलेजला जायचंय' असं सांगितलं तर ती बाई त्याला कॉलेजचे विषय देईल, आणि त्यात तिची काहीच चूक नसेल. आमच्या ओळखीच्या एका मुलाचं असंच झालं. अर्धं वर्ष गेल्यावर लक्षात आलं. त्याने म्हणायचं, 'युनिव्हर्सिटी, इंजिनिअरिंग.' हे दोन शब्द घरी पाठ करून न्या.

आता विषयांचे कोड. तुम्हाला रात्री झोपेत विचारलं तरी सांगता आले पाहिजेत. प्रत्येक विषयाला पाच अक्षरांचा कोड असतो. त्यातला आकडा इयत्ता सांगतो, ३ म्हणजे अकरावी, ४ म्हणजे बारावी. शेवटचं अक्षर सांगतं की दार कुठे उघडतं: यू म्हणजे युनिव्हर्सिटी, सी म्हणजे कॉलेज, एम म्हणजे दोन्हीकडे चालणारं. इंजिनिअरिंगला बहुतेक ठिकाणी बारावीचे हे पाच लागतात: इंग्रजी ईएनजी४यू, ॲडव्हान्स्ड फंक्शन्स एमएचएफ४यू, कॅल्क्युलस अँड व्हेक्टर्स एमसीव्ही४यू, फिजिक्स एसपीएच४यू, केमिस्ट्री एससीएच४यू. या पाचांपैकी प्रत्येकाच्या आधी अकरावीचा विषय करावा लागतो. गणिताला एमसीआर३यू, फिजिक्सला एसपीएच३यू, केमिस्ट्रीला एससीएच३यू. त्यातला एक जरी अकरावीत राहिला तर बारावीत तो करायला उन्हाळी शाळा शोधत फिरावं लागतं.

मुख्य अडचण इथेच आहे. इथली मुलं पुढच्या वर्षीचे विषय फेब्रुवारीतच निवडून बसलेली असतात. तुम्ही जुलैअखेर येणार. शाळा जूनच्या शेवटी बंद होते आणि ऑफिस ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात उघडतं. म्हणजे तुमच्या मुलाला उरलेल्या जागांवर बसवलं जाणार. म्हणून येताच, पहिल्या आठवड्यातच, पील स्कूल बोर्डाच्या, म्हणजे या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, नवागतांच्या केंद्राची अपॉइंटमेंट घ्या. तिथे इंग्रजी आणि गणिताची चाचणी होते, ती नापास करण्यासाठी नसते. आणि घर भाड्याने घेण्याआधी शाळा बघा, कारण सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते.

कागदं: आठवी, नववी, दहावीच्या गुणपत्रिका, दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आणि जिथे मजकूर फक्त मराठीत असेल तिथे प्रमाणित इंग्रजी भाषांतर. लसीकरणाची वही विसरू नका. ओंटारिओत शाळकरी मुलांच्या लसींचा कायदा आहे. घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, गोवर, गालगुंड, रुबेला, डांग्या खोकला, मेनिंजायटिस, आणि २०१० किंवा नंतर जन्मलेल्यांना कांजिण्यासुद्धा. नोंद नसेल तर आरोग्य खातं मुलाला काही दिवस शाळेतून घरी पाठवू शकतं. आपल्याकडे ती पिवळी पडलेली वही कुठल्या तरी ट्रंकेत असते, आत्ताच शोधा. हरवली असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून नवी लिहून घ्या.

इथे एक विषय पूर्ण केला की साधारण एक क्रेडिट मिळतं. दहावी पूर्ण करून आलेल्याला प्राचार्य गुणपत्रिका बघून क्रेडिट देतात. हायस्कूलच्या, म्हणजे बारावीच्या, पदविकेला एकूण तीस लागतात. माझ्या भाच्याला सोळा धरली होती, उरलेली चौदा त्याने दोन वर्षांत केली. समाजसेवेचे चाळीस तास असतात, उशिरा आलेल्यांना त्यातले किती करायचे ते प्राचार्य ठरवतात. शिवाय एक साक्षरता परीक्षा असते, दहावीत होते पण नव्याने आलेल्यालाही ती सुटत नाही. नाही जमली तर त्याऐवजी एक कोर्स करता येतो, म्हणून त्याचं दडपण घेऊ नका.


गोदाकाठ | १३ एप्रिल

दादा, प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. लसीची वही सापडली, धाकटीची मात्र नाही. सेमी इंग्लिशचं काही सांगाल का कोणी? तो वाचतो बऱ्यापैकी, पण बोलताना आधी मनात मराठीत वाक्य करतो. ते मला त्याच्या डोळ्यांत दिसतं.


जुनी_वही | १४ एप्रिल

मी पुण्यात अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं आणि आता लेकीकडे ब्रॅम्प्टनला असते. इथल्या सहा-सात मराठी मुलांना गणित-विज्ञान सांगते, म्हणून थोडं अधिकाराने लिहिते.

सेमीची मुलं गणितात मागे पडत नाहीत, उलट हात चालतो त्यांचा. वर्गसमीकरण, अंकगणिती श्रेढी, त्रिकोणमितीची सूत्रं, सगळं येतं. अडतात कुठे, तर 'फंक्शन' या कल्पनेपाशी. इथलं अकरावीचं गणित आलेखाभोवती फिरतं. आलेख उचलून डावीकडे सरकवला, उलटा केला, ताणला, तर समीकरणात काय बदलतं? आपल्या पाठ्यपुस्तकात हा भाग फार पुसट आहे. म्हणून मे-जूनमध्ये क्लास नको, फी नको. वॉटर्लू विद्यापीठाच्या गणित केंद्राचे, सीईएमसीचे, धडे इंटरनेटवर फुकट आहेत. रोज तासभर तेवढेच करून घ्या. त्यांच्याच स्पर्धा परीक्षा इथल्या शाळांत होतात. अकरावीला फेब्रुवारीत फर्मा, बारावीला एप्रिलमध्ये यूक्लिड. वॉटर्लूला जायचं असेल तर यूक्लिडला बसावंच, आणि न गेला तरी त्या उदाहरणांनी डोकं उघडतं.

दुसरी गोष्ट गुण देण्याची. इथे उत्तराला चार बाजूंनी जोखतात: ज्ञान, विचार, मांडणी, उपयोजन. माझ्याकडचा एक मुलगा पहिल्या चाचणीत सगळी उत्तरं बरोबर लिहून अठ्ठ्याहत्तरवर आला. घरी रडला. पेपर बघितला तर पायऱ्या गाळलेल्या, शेवटी वाक्यात उत्तर नाही, एकक नाही. 'मांडणी'त गेले सगळे. बोर्डाच्या परीक्षेच्या घाईत आम्हीच त्यांना तसं शिकवलेलं असतं. आत्तापासून त्याला सांगा की उत्तर असं लिही जणू वाचणाऱ्याला गणित येत नाही.

शिवाय बोर्डासारखी वर्षाअखेरची एकच मोठी परीक्षा इथे नाही. सत्तर टक्के वर्षभराच्या चाचण्यांवर आणि प्रकल्पांवर, तीस टक्के शेवटी. सप्टेंबर ते जानेवारी चार विषय, फेब्रुवारी ते जून दुसरे चार. म्हणजे एक विषय पाच महिन्यांत संपतो. आपल्याकडे दिवाळीनंतर अभ्यासाला लागण्याची सवय असते. इथे दिवाळीला अर्धा विषय झालेला असतो.

इंग्रजीबद्दल. चाचणीत कच्चं दिसलं तर ईएसएल देतील, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचा इंग्रजीचा वर्ग. पालक ते अपमान समजून शाळेशी भांडतात. भांडू नका. ईएसएलमधला शिक्षक वाक्यावाक्यावर बसतो, निबंधाचा सांगाडा शिकवतो, आणि त्याची क्रेडिट काही प्रमाणात इंग्रजीच्या सक्तीच्या क्रेडिटमध्ये धरली जातात. फक्त लक्ष ठेवा की बारावीच्या शेवटापर्यंत ईएनजी४यूला पोचायचंय. इंग्रजी माध्यमात किती वर्षं झाली यावरून युनिव्हर्सिट्या वेगळी इंग्रजीची परीक्षा मागतात, आणि हा नियम प्रत्येकीचा निराळा. सेमीच्या मुलाने ते अकरावीतच तपासावं. आणि बऱ्याच बोर्डांत अकरावीचं इंग्रजी आता इथल्या मूळनिवासी लेखकांचं साहित्य वाचून शिकवतात. निवासी शाळांत आईबापांपासून तोडलेल्या, स्वतःची भाषा बोलली म्हणून शिक्षा भोगलेल्या मुलांच्या गोष्टी त्यात येतात. माझ्याकडच्या मराठी मुलांना तो विषय आतून कळतो. चांगले लिहितात त्यावर.


बर्फाळ_वाट | १५ एप्रिल

वरच्या सगळ्या माहितीबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. बारावी नाशिकला करू द्या. आम्ही थोरल्याला अकरावीत आणलं आणि मला आजही वाटतं की चुकलं. चौदा क्रेडिट, नवी भाषा, नवं घर, मी सहा महिने नोकरीविना, बायको वेअरहाऊसमध्ये रात्रपाळीला. त्या वर्षी त्या पोराला आम्ही दोघंही मिळालो नाही. धाकट्याच्या वेळी वेगळं केलं. त्याने सांगलीला आजी-आजोबांकडे बारावी केली. ओंटारिओतल्या युनिव्हर्सिट्या महाराष्ट्र बोर्डाची बारावी घेतात. पीआर असल्यामुळे फी इथल्याच मुलांची, परदेशी विद्यार्थ्यांची नाही. एकदा लँडिंग करून, म्हणजे इथे येऊन पीआर पक्कं करून, परत गेला होता. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहण्याची अट असते, ती सहज बसते. ज्या गावात तो वाढला तिथेच त्याने शाळा संपवली, निरोप समारंभ झाला, मित्रांना नीट भेटून आला. याचं मोल मोठं आहे.


लेकशोर | १५ एप्रिल

तुमचं दुःख समजतं आणि तुमचा अनुभव खोटा नाही. पण दोन गोष्टी. बारावीत तिकडे राहिलेला मुलगा थेट युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षात येऊन पडतो. तिथे चारशे मुलांचा वर्ग, कोणी नाव विचारत नाही. हायस्कुलात निदान समुपदेशक असतो, जास्तीच्या मदतीसाठी दुपारी थांबणारे शिक्षक असतात. दुसरं, वॉटर्लूसारख्या ठिकाणी अर्जाबरोबर एक माहितीपत्रक भरून घेतात. शाळेबाहेर काय केलंस, कुठे काम केलंस, का यायचंय. जेईईच्या क्लासमध्ये दोन वर्षं काढलेल्या मुलाकडे त्यात लिहायला काय असणार?


बर्फाळ_वाट | १५ एप्रिल

ढोलपथक लिहील की. तीन वर्षं एका पथकात टिकणं हे कमी आहे का? माझा मुद्दा एवढाच की या निर्णयात त्या मुलाचा आवाज हवा. गोदाकाठ यांनीच लिहिलंय की त्याला विचारलं नव्हतं. आता विचारायला वेळ आहे.


जाईजुई | १७ एप्रिल

काकू, मी इथली नेहमीची नाही. माझ्या आईने धाग्याचा दुवा पाठवला. मी कोल्हापूरहून सोळाव्या वर्षी आले, अकरावीत. आता गुएल्फ युनिव्हर्सिटीत बायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षात आहे. मोठ्यांनी सगळं सांगितलंय, मी फक्त त्या मुलाच्या बाजूने लिहिते.

सगळ्यात मोठा धक्का कुठला होता माहितीये? वर्ग नसणं. आपल्याकडे पाचवीपासून दहावीपर्यंत तीच साठ मुलं, तोच बाक, शेजारी तीच मैत्रीण. मी तिच्याशी भांडले तरी उद्या ती तिथेच असायची. इथे वर्ग नसतो, खोल्या असतात. पंचाहत्तर मिनिटं झाली की उठायचं, दुसऱ्या मजल्यावर जायचं, तिथे वेगळी तीस मुलं. फेब्रुवारीत तीही बदलतात. मग जेवणाच्या सुट्टीत कुठे बसायचं हे रोज ठरवावं लागतं. मी पहिले दोन महिने लायब्ररीत पुस्तक उघडं ठेवून बसायचे आणि आईला सांगायचे की मैत्रिणी झाल्यात. तिला ते अजून माहीत नव्हतं, आता हे वाचून कळेल.

सुटले मी एका क्लबमुळे. शाळेच्या नाटकात पडद्यामागे रंग देणारी मुलं हवी होती. भाषा फारशी लागत नव्हती, हात लागत होते. म्हणून त्याला सांगा की पहिल्याच महिन्यात कुठला तरी क्लब धर, जिथे बोलण्याआधी काही करायला मिळतं. रोबोटिक्सचा असेल तर तुमच्या मिक्सर उघडणाऱ्या मुलाला दुसरं काही नको. शाळेचा बँड असेल तर ढोल वाजवणाऱ्याला ताल शिकवावा लागत नाही.

आणि कृपया मार्क विचारायच्या आधी आज कोणाबरोबर जेवलास ते विचारा. पण रोज नका विचारू.

दुसऱ्या वर्षी मी टिम हॉर्टन्समध्ये शनिवार-रविवार काम केलं. बाबांना फार लागलं. 'पैसे कमी पडतात का' असं म्हणाले. पैशांसाठी नव्हतंच ते. खिडकीतून कॉफी देताना रोज दोनशे अनोळखी माणसांशी इंग्रजीत बोलावं लागायचं. ईएसएलच्या वर्षभरात जे झालं नाही ते तिथे तीन महिन्यांत झालं. युनिव्हर्सिटीच्या अर्जातही मी त्याबद्दलच लिहिलं.

बारावीनंतर की आधी, हे मी नाही सांगू शकत. मला विचारलं असतं तर मी 'नको' म्हणाले असते, आणि आज मला इथे आवडतं. पण विचारलं असतं तर पहिल्या वर्षी आईवरचा राग थोडा कमी असता.


कंदील | १७ एप्रिल

जाईजुई, तुझा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण मोबाइल माझ्या हातातून घेऊन स्वतः परत वाचला. पैशांबद्दल कोणी लिहाल का? आणि तिला डॉक्टर व्हायचंय.


वॉटर्लूकर | १९ एप्रिल

कंदील, तुमच्यासाठी एक गोष्ट घाईची आहे. इथे आरईएसपी नावाचं शिक्षणाचं बचतखातं असतं. तुम्ही वर्षाला २५०० डॉलर टाकलेत तर सरकार त्यावर वीस टक्के, म्हणजे ५०० डॉलर घालतं. मूल सतरा वर्षांचं होईपर्यंत हे मिळतं, पण सोळा-सतराच्या वर्षी मिळण्यासाठी अट अशी की मूल ज्या वर्षी पंधरा पूर्ण करतं त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपूर्वी खात्यात किमान २००० डॉलर भरलेले असावेत. त्याआधी कुठल्याही चार वर्षांत दरसाल १०० भरले असतील तरी चालतं, पण नव्याने आलेल्यांना तो मार्ग नसतो. तुमची मुलगी चौदाची आहे, म्हणजे तुम्हाला वेळ मिळतो. डिसेंबरात उतरल्याबरोबर मुलीचा सिन नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, काढा, तो आला की खातं. गोदाकाठ, तुमच्या थोरल्याची ती वेळ निघून गेली आहे, पण धाकटीसाठी पहिल्याच वर्षी उघडा.

फीसाठी ओसॅप ही सरकारी मदत आहे, काही अनुदान, काही कर्ज. पीआर असलेल्यांना मिळते, पण ओंटारिओत बारा महिने राहिलेलं असावं लागतं. तुमच्या मुलाचं बारावीनंतरचं ऑगस्ट येईपर्यंत दोन वर्षं झालेली असतील, त्यामुळे अडचण नाही. सांगलीचा मार्ग घेणाऱ्यांनी मात्र ही अट आधी वाचावी. आणि घरून जाऊन-येऊन शिकता येईल अशी युनिव्हर्सिटी निवडली तर खर्चात फार मोठा फरक पडतो. राहण्याचा खर्च बऱ्याचदा फीच्या बरोबरीने जातो.

डॉक्टरकीचं स्पष्टच सांगतो, कारण नीटच्या तयारीतून आलेल्या घरांत हे उशिरा कळतं आणि फार दुखतं. इथे बारावीनंतर थेट मेडिकल नाही. आधी तीन-चार वर्षं पदवीचा अभ्यास, बहुतेक ठिकाणी एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, मग मुलाखती. जागा कमी आहेत. २०२५ मध्ये ब्रॅम्प्टनला नवं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तरीही चुरस तशीच आहे. नर्सिंगला मात्र शाळेतून थेट जाता येतं, आणि आपली माणसं त्याकडे उगाच पाठ फिरवतात. माझी बायको नर्स आहे. आमचं घर तिच्यावर उभं राहिलं.

अर्जाबद्दल थोडक्यात. युनिव्हर्सिट्यांचा अर्ज ओयूएसी या एकाच केंद्रातून जातो, शाळेतल्या मुलांची तारीख जानेवारीच्या मध्याला येते. बारावीच्या यू आणि एम विषयांतल्या सर्वोत्तम सहांची सरासरी धरतात. लवकरच्या ऑफर अकरावीच्या गुणांवरही येतात, म्हणून 'पहिलं वर्ष रुळण्याचं' असं मानू नका. पैसे भरून चार आठवड्यांत पंचाण्णव टक्के देणाऱ्या खासगी शाळांच्या जाहिराती तुम्हाला मराठी ग्रुपवरसुद्धा दिसतील. लांब राहा. विषय कुठे केला हे युनिव्हर्सिटीला गुणपत्रिकेवर दिसतं, आणि पुन्हा दिलेला विषय काही अभ्यासक्रमांत खाली धरतात.

आणि अर्जाचं खातं त्याचं, पासवर्ड त्याचा, ईमेल त्याचा. युनिव्हर्सिटी आईबापाच्या फोनला उत्तर देत नाही. मी स्वतः दोनदा फोन केला होता, दोन्ही वेळा त्यांनी शांतपणे सांगितलं की तुमच्या मुलीला फोन करायला सांगा.


गोदाकाठ | ३ मे

सगळ्यांचे आभार. दोन आठवडे गप्प होते कारण घरात बोलणं चाललं होतं.

बर्फाळ_वाट दादा, तुमचं ऐकलं. त्याला दोन्ही पर्याय समोर ठेवले, आजीकडे दोन वर्षं किंवा आमच्याबरोबर. हा धागा पूर्ण वाचायला दिला. तीन दिवस काही बोलला नाही. मग म्हणाला की येतो, पण गणपती झाल्यावर. पथकाची शेवटची मिरवणूक. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होते हे त्याला माहीत होतं, तरी म्हणाला. खूप चर्चा झाली. शेवटी तो स्वतःच म्हणाला की उरलेल्या विषयांवर बसायला नको, जुलैलाच जाऊ. पथकातल्या मुलांनी त्याच्यासाठी जूनमध्ये एक रविवार वेगळा सराव ठेवलाय. मी बघायला जाणार आहे. तीन वर्षांत एकदाही गेले नव्हते.


जुनी_वही | ४ मे

जा. आणि टिपरू बॅगेत ठेवा. टोरांटोच्या आसपास गणपतीत ढोल वाजतो. मंडळाच्या कामाचे तास समाजसेवेत धरले जाऊ शकतात, फक्त आधी शाळेला विचारून घ्या.


गोदाकाठ | १६ नोव्हेंबर

धागा वर आणतेय, कोणाला तरी उपयोग होईल म्हणून.

शाळा लागली. सोळा क्रेडिट धरली. फ्रिजवरचा कागद इथल्या फ्रिजवर लावला होता, त्याचा खरा उपयोग पहिल्याच दिवशी झाला. वेळापत्रक हातात आलं तर त्यात गणिताला एमसीआर३यू नव्हतं, एमसीएफ३एम होतं. नावात दोन्हीकडे 'फंक्शन्स' आहे, मला कळलंच नसतं. पण ते करून थेट एमएचएफ४यू घेता येत नाही. मिस्टर लगेच शाळेत जायला निघाले. तो म्हणाला, 'बाबा, मी बोलतो.' रात्री ईमेल लिहिला, चार ओळींचा, मला वाचू दिला नाही. तिसऱ्या दिवशी समुपदेशकाच्या दाराबाहेर चाळीस मिनिटं बसून होता. पहिल्या सत्रात एमसीआर३यूला जागाच नव्हती, दुसऱ्या सत्रात मिळाली. म्हणजे ते फेब्रुवारीत, मग पुढच्या सप्टेंबरात एमएचएफ४यू आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीत एमसीव्ही४यू. जेमतेम बसतं, पण बसतं. पहिल्या सत्रात त्याऐवजी कॉम्प्युटर घेतला.

ईएसएल दिलंय. भांडले नाही. फिजिक्सच्या पहिल्या चाचणीत त्र्याहत्तर. जुनी_वही ताई, तुम्ही लिहिलं होतं तसंच, 'मांडणी'त गेले. दुसऱ्या चाचणीत शहाऐंशी.

रडला एकदा, ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत. नाशिकहून मित्रांचा कोजागरीचा व्हिडिओ आला होता. मी काही समजावलं नाही. दूध आटवलं, केशर घातलं, आणि आम्ही चौघं बाल्कनीत जाकिटं घालून बसलो. ढग होते, चंद्र दिसला नाही.

जाईजुई, तुझा प्रश्न मी आठवड्यातून एकदा विचारते. गेल्या गुरुवारी पहिल्यांदा उत्तरात दोन नावं आली. रोबोटिक्सच्या खोलीत जेवतात म्हणे तिघं.

आता पुढचा प्रश्न. फेब्रुवारीत बारावीचे विषय निवडायचे आहेत. त्याला मेकॅट्रॉनिक्स आवडतंय. सहावा विषय बायोलॉजी घ्यावा की कॉम्प्युटर सायन्स?


वॉटर्लूकर | १६ नोव्हेंबर

बायोलॉजीची इंजिनिअरिंगला अट नाही. आयसीएस४यू, म्हणजे बारावीचं कॉम्प्युटर सायन्स, घेऊ द्या, पण त्याआधी अकरावीचं आयसीएस३यू लागतं. पहिल्या सत्रात जो कॉम्प्युटर घेतलाय त्याचा कोड काय आहे?


गोदाकाठ | १७ नोव्हेंबर

तो शाळेतून आला की विचारून सांगते. आज उशिरा येणार आहे.